लिस्प भाषेतील मॅक्रो आणि चलग्रहणाची समस्या : नामनिवडीपासून शुचित्वाच्या हमीपर्यंत

सारांश

लिस्प कुळातील भाषांमध्ये मॅक्रो म्हणजे आज्ञावली लिहिणारी आज्ञावली होय. मॅक्रोने तयार केलेला मजकूर वापरकर्त्याच्या मजकुरात मिसळताना दोन्हींकडील नावे एकमेकांत गुंतण्याचा धोका असतो. या दोषास इंग्रजीत ‘व्हेरिएबल कॅप्चर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘चलग्रहण’ ही संज्ञा योजली आहे. या दोषाचे दोन प्रकार, त्यांची कारणे, कॉमन लिस्प, क्लोजर व स्कीम या भाषांनी स्वीकारलेले उपाय आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचे विवेचन येथे केले आहे. विचित्र नाव निवडल्याने दोषाची शक्यता घटते, परंतु दोष नाहीसा होत नाही. हमी केवळ नावाच्या ओळखीचा पाया बदलल्यानेच मिळते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : लिस्प, मॅक्रो, चिन्ह, मुक्त व बद्ध चल, चलग्रहण, जेनसिम, शुचित्व.

१. प्रस्तावना

एखादे नाव काय दर्शवते, हा प्रश्न तर्कशास्त्र, गणित, भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या चारही शाखांना समान आहे. मराठीतील एक साधे वाक्य पाहू : ‘सुनील म्हणाला की मी उद्या जाणार.’ या वाक्यातील ‘मी’ कोण? सुनीलचे शब्द जसेच्या तसे उचलले असतील तर ‘मी’ म्हणजे सुनील. वाक्य बोलणाऱ्याने आपल्या दृष्टीने सांगितले असेल तर ‘मी’ म्हणजे बोलणारा. शब्द एकच आहे, अक्षरेही तीच आहेत. परंतु तो शब्द मूळ कोठे उच्चारला गेला आणि आता कोठे येऊन पडला आहे, यांवरून त्याचा अर्थ बदलतो. माणूस संदर्भाने हा गुंता सोडवतो. यंत्राजवळ मात्र नियमाखेरीज काही नसते.

मॅक्रो लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. त्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या आज्ञावलीत जाऊन बसतो आणि तेथील नावे त्याला ठाऊक नसतात. अशा वेळी एकाचे नाव दुसऱ्याने बळकावले तर यंत्र तक्रार करीत नाही, आज्ञावली थांबत नाही. केवळ उत्तर चुकते. हे मौन हाच या दोषाचा सर्वांत गंभीर भाग आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) चलग्रहण म्हणजे काय, हे संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) चलग्रहणाचे दोन प्रकार उदाहरणांसह वेगळे करून दाखवणे.
३) नामनिवडीचे संकेत व नावाच्या ओळखीविषयीचे नियम यांतील मूलभूत फरक दर्शवणे.
४) या विषयाच्या अध्यापनासाठी काही सूचना करणे.

लेखातील सर्व आज्ञा देवनागरीत लिप्यंतरित केल्या आहेत. ‘डेफमॅक्रो’, ‘लेट’, ‘सेटएफ’ इत्यादी भाषेचे मूळ शब्द यंत्रावर टंकताना रोमन लिपीतच टंकावे लागतात, तसेच अंकही रोमन आकड्यांतच द्यावे लागतात. ‘जुने’, ‘नवे’ यांसारखी वापरकर्त्याची नावे मात्र युनिकोड स्वीकारणाऱ्या एसबीसीएलसारख्या आवृत्तींत देवनागरीतही चालतात.

३. पूर्वपीठिका : मुक्त चल आणि बद्ध चल

गणितातील एक उदाहरण घेऊ. ० ते १ या मर्यादांमध्ये (क्ष + ट) या राशीचे ‘ट’च्या सापेक्ष संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, केले असता क्ष + १/२ हे उत्तर येते. येथे ‘ट’ हा बद्ध चल आहे. त्याचे अस्तित्व संकलनाच्या चिन्हापुरतेच असते आणि त्याच्या जागी दुसरे अक्षर लिहिले तरी उत्तर बदलत नाही. ‘क्ष’ हा मुक्त चल आहे. त्याची किंमत बाहेरून येते.

आता ‘क्ष’च्या जागी बाहेरचा एखादा ‘ट’ ठेवायचा आहे असे समजू. योग्य उत्तर ट + १/२ असावयास हवे. परंतु विचार न करता अक्षराच्या जागी अक्षर ठेवले, तर संकलनचिन्हाखाली (ट + ट) म्हणजे २ट ही राशी येते आणि तिचे संकलन १ होते. बाहेरून आलेला ‘ट’ आतल्या ‘ट’ने गिळंकृत केला. गणिताचा अनुभवी अध्यापक आतल्या चलाचे नाव आधी बदलून घेतो आणि मगच किंमत ठेवतो. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचा नियम सहसा सांगितला जात नाही.

अलॉन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात या सवयीला नियमाचे रूप मिळाले. बद्ध चलाचे नाव सुसंगतपणे बदलणे म्हणजे आल्फा-रूपांतर. प्रतिष्ठापन करताना मुक्त चल बद्ध होणार असेल तर आधी असे रूपांतर करणे आवश्यक ठरते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटी येथे लिस्पचे काम सुरू केले आणि १९६० मध्ये त्यावरील सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. लिस्पने ‘लॅम्डा’ हा शब्द चर्च यांच्याकडून घेतला. १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रोची भर सुचवली. मात्र चर्च यांच्या कलनातील प्रतिष्ठापनाची सावधगिरी मॅक्रोसोबत आपोआप आली नाही. तिच्यासाठी आणखी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

४. मॅक्रोची कार्यपद्धती

सामान्य फलनाला, म्हणजे फंक्शनला, किमती दिल्या जातात. मॅक्रोला मजकूर दिला जातो. लिस्पमध्ये आज्ञावली ही कंसांच्या यादीच्या स्वरूपात असल्यामुळे मॅक्रो त्या यादीचे तुकडे घेतो, नवी यादी रचतो आणि ती मूळ आज्ञेच्या जागी ठेवतो. या क्रियेस ‘विस्तार’ असे म्हणतात. विस्तार आधी होतो, किमती काढण्याचे काम नंतर.

दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करणारा मॅक्रो पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

(डेफमॅक्रो अदलाबदल (अ ब)
  `(लेट ((जुने ,अ))
     (सेटएफ ,अ ,ब)
     (सेटएफ ,ब जुने)))

मागे झुकलेले अवतरणचिन्ह एक साचा सुरू करते; स्वल्पविराम असलेल्या ठिकाणी वापरकर्त्याने दिलेला मजकूर येऊन बसतो; उरलेला भाग जसाच्या तसा राहतो. ‘लेट’ हा शब्द नव्या चलाला तात्पुरते अस्तित्व देतो. (अदलाबदल डावे उजवे) असे लिहिल्यास पुढील विस्तार होतो :

(लेट ((जुने डावे))
  (सेटएफ डावे उजवे)
  (सेटएफ उजवे जुने))

हा विस्तार निर्दोष आहे. डाव्याची किंमत ‘जुने’मध्ये ठेवली, डाव्यात उजव्याची किंमत आणली, उजव्यात जपून ठेवलेली किंमत घातली. ही कृती फलन म्हणून लिहिता येत नाही, कारण फलनाला केवळ किमती मिळतात; वापरकर्त्याच्या चलांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मॅक्रोची आवश्यकता येथे दिसून येते. कॉमन लिस्पमध्ये या कामासाठी ‘रोटेटएफ’ ही तयार सोय आहे. येथील मॅक्रो केवळ विवेचनासाठी घेतला असून ‘अ’ व ‘ब’ या जागी साधी चलनामे येतील असे गृहीत धरले आहे.

५. पहिला प्रकार : मॅक्रोने वापरकर्त्याचे नाव बळकावणे

समजा, एखाद्या वापरकर्त्याच्या आज्ञावलीत ‘जुने’ व ‘नवे’ ही चलनामे आहेत. शिल्लक, दरपत्रक, मतदारयादी अशा कोणत्याही कामात ही नावे अगदी स्वाभाविक आहेत. ‘जुने’ची किंमत ५ व ‘नवे’ची किंमत ९ आहे. वापरकर्ता (अदलाबदल जुने नवे) असे लिहितो. विस्तार असा होतो :

(लेट ((जुने जुने))
  (सेटएफ जुने नवे)
  (सेटएफ नवे जुने))

पहिल्या ओळीत आतला नवा ‘जुने’ निर्माण होऊन त्याला बाहेरच्या ‘जुने’ची किंमत ५ मिळते. दुसऱ्या ओळीत आतल्याच ‘जुने’ला ९ ही किंमत दिली जाते. तिसऱ्या ओळीत ‘नवे’ला आतल्या ‘जुने’ची किंमत, म्हणजे पुन्हा ९, मिळते. ‘लेट’चा कंस बंद होताच आतला ‘जुने’ नाहीसा होतो. बाहेर ‘जुने’ ५ आणि ‘नवे’ ९ जसेच्या तसे उरतात. अदलाबदल झालीच नाही. विशेष म्हणजे (अदलाबदल नवे जुने) असा क्रम उलटा केला तरी दोन्ही किमती बदलत नाहीत.

येथे मॅक्रो लिहिणाऱ्याने व्याकरणाचा कोणताही नियम मोडला नाही, वापरकर्त्यानेही नाही. दोघांनी आपापल्या कामाला साजेशी नावे निवडली. दोष दोघांपैकी कोणाच्याही मजकुरात नाही. तो दोन मजकुरांच्या संयोगात आहे. म्हणून मॅक्रो स्वतंत्रपणे वाचून तो सापडत नाही आणि वापरकर्त्याची आज्ञावली स्वतंत्रपणे वाचूनही सापडत नाही.

आपल्याकडील अनेक पदवी अभ्यासक्रमांत शिकवल्या जाणाऱ्या सी भाषेतही अशाच स्वरूपाचा मॅक्रो ‘टेम्प’ हे नाव वापरून लिहिला जातो. तेथे परिणाम आणखी बिकट होतो. सी भाषेत नव्या चलाची व्याप्ती त्याच्या नावापासूनच सुरू होत असल्यामुळे, ‘टेम्प’ या नावाच्या चलावर मॅक्रो लावल्यास आतल्या चलाला स्वतःचीच, अद्याप न ठरलेली किंमत दिली जाते. लिस्पचे ‘लेट’ निदान आरंभीची किंमत बाहेरच्या चलाकडून घेते.

६. दुसरा प्रकार : वापरकर्त्याने मॅक्रोचे नाव बळकावणे

दुसऱ्या प्रकारात दिशा उलटी असते. मॅक्रोच्या साच्यात एखाद्या फलनाचे नाव मुक्त असते आणि वापरकर्त्याने त्याच नावाला आपल्या भागात वेगळा अर्थ दिलेला असतो. त्रुटींची नोंद ठेवणारे ‘नोंदवा’ नावाचे एक फलन आहे व त्यावर आधारलेला पुढील मॅक्रो आहे असे समजू :

(डेफमॅक्रो पडताळा (अट संदेश)
  `(अनलेस ,अट (नोंदवा ,संदेश)))

अट पूर्ण होत नसेल तर संदेश त्रुटींच्या वहीत नोंदवावा, असा याचा अर्थ. आता निकालपत्रक तयार करणारी व्यक्ती आपल्या भागात गुण नोंदवण्यासाठी ‘नोंदवा’ याच नावाचे स्थानिक फलन लिहिते :

(फ्लेट ((नोंदवा (न) (पुश न गुणयादी)))
  (पडताळा (<= गुण १००) "गुण शंभरांहून अधिक")
  (नोंदवा गुण))

‘गुण’ची किंमत १०४ असल्यास ‘पडताळा’चा विस्तार ‘नोंदवा’ला हाक मारतो, परंतु त्या स्थानी ‘नोंदवा’ म्हणजे गुणयादीत भर घालणारे फलन होय. परिणामी त्रुटीचा इशारा त्रुटींच्या वहीत न जाता विद्यार्थ्याच्या गुणयादीत जाऊन बसतो. ज्या साधनाने चूक दाखवावयाची, तेच चुकीचे कारण ठरते.

हा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक फसवा आहे. पहिल्या प्रकारात मॅक्रो लिहिणारा स्वतः निर्माण केलेल्या नावाबाबत सावध राहू शकतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्या साच्यातील प्रत्येक फलनाचे नाव धोक्याचे स्थान असते.

७. नामनिवडीचे संकेत व त्यांची मर्यादा

व्यवहारात या दोषावर पहिला इलाज शोधला गेला तो विचित्र नावांचा. ‘जुने’च्या ऐवजी ‘अदलाबदल-आतील-जुने’ असे लांबलचक नाव घ्यावे, नावाच्या आधी वा नंतर एखादे ठरावीक चिन्ह लावावे, इत्यादी. पारिभाषिक नावे व्यवहारातील शब्दांपासून वेगळी ठेवण्याची ही युक्ती नवी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘घु’, ‘घि’, ‘टि’ यांसारख्या कृत्रिम संज्ञा आहेत. त्यांचा व्यवहारातील शब्दांशी गोंधळ होण्याचा प्रश्न क्वचितच येतो. त्याच ग्रंथात ‘नदी’, ‘गुण’, ‘वृद्धि’ हे नेहमीचे शब्दही पारिभाषिक अर्थाने आले आहेत; तेथे कोणता अर्थ घ्यावयाचा, हे अभ्यासकाला संदर्भाने ठरवावे लागते.

संकेत उपयुक्त असतात, हे मान्य करूनही त्यांची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विचित्र नाव संघर्षाची शक्यता कमी करते. संघर्ष अशक्य करीत नाही. शिवाय एक प्रसंग असा आहे की जेथे नाव कितीही विचित्र असले तरी ते हमखास आदळते : त्याच मॅक्रोचा वापर त्याच मॅक्रोच्या वापराच्या आत होणे. तेथे दोन्ही विस्तारांत तेच विचित्र नाव येते, कारण ते एकाच साच्यातून उतरलेले असते. दुर्मिळता आणि हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना दुर्मिळ दोष अधिक घातक ठरतो. तो चाचणीत सापडत नाही आणि वापरात आल्यावर, मॅक्रो लिहिणारा विसरून गेल्यानंतर, प्रकट होतो.

८. चिन्हाची ओळख आणि जेनसिम

यापुढील पाऊल समजण्यासाठी लिस्पमधील ‘चिन्ह’, म्हणजे सिंबल, ही संकल्पना पाहणे आवश्यक आहे. लिस्पमध्ये नाव ही केवळ अक्षरांची माळ नसते. ती एक वस्तू असते. मजकूर वाचताना यंत्राला ‘जुने’ ही अक्षरे आढळली की ते आपल्या नोंदवहीत त्या नावाची वस्तू आहे का ते पाहते. असल्यास तीच देते, नसल्यास नवी करून नोंदवते. यामुळे ‘जुने’ दहा ठिकाणी लिहिले तरी दहाही ठिकाणी एकच वस्तू असते. अक्षरांवरून ओळख ठरते ती या नोंदवहीमुळे.

अक्षरे आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्यय देवनागरीत आज्ञावली लिहिणाऱ्यास उलट बाजूनेही येऊ शकतो. ‘वाऱ्याचा’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्तचिन्ह व ‘य’ जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह, अदृश्य जोडचिन्ह व ‘य’ लावून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे होत. डोळ्यांना एक दिसणारे नाव यंत्राला एकच असेल, याची खात्री नसते.

याच भेदाचा हेतुपूर्वक केलेला उपयोग म्हणजे ‘जेनसिम’ होय. हे फलन दरवेळी एक नवे चिन्ह निर्माण करते आणि ते नोंदवहीत नोंदवतच नाही. नोंद नसल्यामुळे कोणीही, कोणतीही अक्षरे टंकून, त्या वस्तूपर्यंत पोहोचू शकत नाही. सुधारित मॅक्रो असा होईल :

(डेफमॅक्रो अदलाबदल (अ ब)
  (लेट ((जुने (जेनसिम "जुने")))
    `(लेट ((,जुने ,अ))
       (सेटएफ ,अ ,ब)
       (सेटएफ ,ब ,जुने))))

आता साच्यातील ‘जुने’समोर स्वल्पविराम आला आहे, म्हणजे तेथे ‘जुने’ हे नाव न उतरता त्यात ठेवलेले नवे चिन्ह उतरते. (अदलाबदल जुने नवे) याचा विस्तार पुढीलप्रमाणे छापला जातो :

(लेट ((#:जुने४१७ जुने))
  (सेटएफ जुने नवे)
  (सेटएफ नवे #:जुने४१७))

‘#:’ ही खूण चिन्ह अनोंदित असल्याचे दर्शवते. वापरकर्त्याने योगायोगाने ‘जुने४१७’ हेच नाव घेतले तरी संघर्ष होत नाही, कारण ती दुसरी वस्तू असते. क्रमांक केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. हमी क्रमांकातून येत नाही, अनोंदित असण्यातून येते. हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे, अन्यथा जेनसिम म्हणजे अधिक विचित्र नाव देणारे यंत्र, असा गैरसमज होतो. तसेच जेनसिमला हाक मॅक्रोच्या शरीरात, प्रत्येक विस्ताराच्या वेळी दिली पाहिजे. एकदाच चिन्ह निर्माण करून तेच पुन्हा पुन्हा वापरल्यास, एकाच मॅक्रोच्या एकात एक वापरातील संघर्ष पुन्हा उद्भवतो.

९. दुसऱ्या प्रकारावरील उपाय

जेनसिम पहिल्या प्रकारावर पुरेसा आहे, दुसऱ्यावर नाही. ‘पडताळा’ या मॅक्रोला नवे ‘नोंदवा’ नको आहे, त्याला विशिष्ट, आधीपासून असलेले ‘नोंदवा’च हवे आहे. येथे कॉमन लिस्प तीन गोष्टींचा आधार घेते. पहिली म्हणजे पॅकेज : प्रत्येक पॅकेजची नोंदवही स्वतंत्र असते. मॅक्रो ‘साधने’ या पॅकेजमध्ये आणि निकालपत्रक ‘निकाल’ या पॅकेजमध्ये असेल व ‘नोंदवा’ हे नाव बाहेर खुले केलेले नसेल, तर दोन्हींकडील ‘नोंदवा’ या दोन भिन्न वस्तू ठरतात. दुसरी गोष्ट म्हणजे फलनांची व चलांची नावे वेगळ्या कप्प्यांत ठेवणे. त्यामुळे ‘लिस्ट’ नावाचे स्थानिक चल ‘लिस्ट’ या फलनाला झाकोळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे १९९४ च्या एएनएसआय मानकातील नियम : भाषेच्या स्वतःच्या चिन्हांना वापरकर्त्याने नवे फलन-अर्थ देऊ नयेत.

हे तिन्ही आधार मिळून व्यवहारात बराच बचाव करतात. तथापि एकाच पॅकेजमध्ये काम करणाऱ्या दोन व्यक्तींना हे संरक्षण लाभत नाही. २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या क्लोजर भाषेने पुढचे पाऊल टाकले. तेथे साच्यातील प्रत्येक चिन्हाला त्याच्या नामावकाशाचे, म्हणजे नेमस्पेसचे, नाव आपोआप जोडले जाते. अशा जोडनावाला ‘लेट’मध्ये नवे चल म्हणून घेता येत नाही; तसे केल्यास यंत्र त्रुटी दाखवते. नवे चल हवे असल्यास नावाच्या शेवटी ‘#’ लावावे लागते व मग नवे नाव आपोआप तयार होते. मौन दोषाचे रूपांतर बोलक्या त्रुटीत करणे, हा या रचनेचा मोठा गुण होय.

१०. शुचित्वपूर्ण मॅक्रो

वरील सर्व उपायांत जबाबदारी मॅक्रो लिहिणाऱ्यावर राहते. ही जबाबदारी भाषेनेच घ्यावी, हा विचार १९८६ मध्ये यूजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मॅथियास फेलायझेन आणि ब्रूस ड्यूबा यांनी ‘हायजिनिक मॅक्रो एक्स्पान्शन’ या निबंधात मांडला. विस्तारातून निर्माण झालेल्या नावांवर खूण ठेवून, ती वापरकर्त्याच्या नावांपासून वेगळी राखणे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. स्कीम भाषेच्या १९९१ च्या अहवालात या मार्गाची सोय परिशिष्टात आली आणि १९९८ च्या अहवालात ती भाषेचा मुख्य भाग झाली. स्कीममध्ये आपला मॅक्रो असा लिहिला जातो :

(डिफाइन-सिंटॅक्स अदलाबदल
  (सिंटॅक्स-रूल्स ()
    ((_ अ ब)
     (लेट ((जुने अ))
       (सेट! अ ब)
       (सेट! ब जुने)))))

यात जेनसिम नाही, विचित्र नाव नाही, तरीही (अदलाबदल जुने नवे) अचूक चालते. साच्यातील ‘जुने’ व वापरकर्त्याचा ‘जुने’ यांची जन्मस्थाने भिन्न असल्याची नोंद यंत्र स्वतः ठेवते. दुसऱ्या प्रकाराचाही बंदोबस्त होतो; साच्यातील मुक्त नाव मॅक्रो जेथे लिहिला गेला तेथील अर्थाने घेतले जाते. प्रस्तावनेतील वाक्याच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे ‘मी’ हा ज्याने उच्चारला त्याचाच राहतो. मॅथ्यू फ्लॅट यांनी २०१६ मध्ये हीच कल्पना नव्या रीतीने मांडली : प्रत्येक नावासोबत ते ज्या व्याप्तींत आहे त्यांचा संच ठेवावा आणि संचांच्या तुलनेने नावाचा धनी ठरवावा. रॅकेट या भाषेचा विस्तारक याच तत्त्वावर उभा आहे. लिस्प कुळाबाहेरील रस्ट व जूलिया या भाषांनीही कमीअधिक प्रमाणात शुचित्व स्वीकारले आहे.

शुचित्वालाही किंमत आहे. कधी कधी नाव बळकावणे हाच हेतू असतो. पॉल ग्रॅहम यांनी ‘ऑन लिस्प’ (१९९३) या ग्रंथात सर्वनामासारखे काम करणारे मॅक्रो दिले आहेत. त्यांत अटीचे उत्तर ‘इट’ या नावाने पुढील भागात उपलब्ध होते. असा मॅक्रो कॉमन लिस्पमध्ये सहज लिहिता येतो; ‘सिंटॅक्स-रूल्स’च्या शिस्तीत तो सरळपणे बसत नाही. स्कीमच्या २००७ च्या अहवालात, हेतुपूर्वक नाव वापरकर्त्याच्या व्याप्तीत नेण्याची स्वतंत्र सोय आहे. म्हणजे दोन्ही परंपरांत दोन्ही गोष्टी शक्य आहेत. फरक आहे तो न बोलता काय घडते याचा. एका परंपरेत न बोलता ग्रहण घडते व शुचित्व मागावे लागते. दुसरीत न बोलता शुचित्व मिळते व ग्रहण मागावे लागते.

११. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

१) प्रात्यक्षिकाची तपासणी ठरावीक किमती देऊन केली जाते. ‘डावे–उजवे’ या नावांनी तपासलेला सदोष मॅक्रो सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होतो. म्हणून मॅक्रोच्या तपासणीत किमतींबरोबर नावेही बदलून पाहावीत. विशेषतः मॅक्रोच्या आतील नावच वापरकर्त्याचे नाव म्हणून द्यावे.
२) ‘मॅक्रोएक्सपँड-वन’ हे फलन एका पायरीचा विस्तार दाखवते. उत्तर पाहण्यापूर्वी विस्तार वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.
३) एका विद्यार्थ्याने मॅक्रो लिहावा व दुसऱ्याने तो मोडणारा वापर शोधावा. दोष दोन मजकुरांच्या संयोगात असतो, हे अशा कृतीतून अधिक लवकर उमगते.
४) गणित, तर्कशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापकांनी मुक्त–बद्ध चल, आल्फा-रूपांतर व सर्वनामांचा संदर्भ हे घटक संयुक्त तासिकेत घेतल्यास विद्यार्थ्यांना एका प्रश्नाची अनेक रूपे एकत्र पाहता येतील.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. चलग्रहण हा मॅक्रोपुरता मर्यादित अपघात नसून मजकूर एका संदर्भातून दुसऱ्यात नेताना उद्भवणारा मूलभूत प्रश्न आहे. त्याचे दोन प्रकार आहेत व एकावरील उपाय दुसऱ्यावर लागू पडतोच असे नाही. नामनिवडीचे संकेत वाचनीयतेसाठी जपावेत, परंतु अचूकतेसाठी त्यांच्यावर विसंबू नये. जेनसिम, पॅकेज, जोडनावे आणि शुचित्वपूर्ण विस्तार या सर्वांमागे एकच तत्त्व आहे : नावाची ओळख त्याच्या अक्षरांवरून न ठरवता त्याच्या उगमावरून ठरवावी. हे तत्त्व न सांगता जेनसिम शिकवला तर विद्यार्थी केवळ एक युक्ती पाठ करतो. तत्त्वासह शिकवला तर जेनसिम नसलेल्या भाषेतही तो धोका ओळखू शकतो.